उंचीचा हट्ट काही सुटत नाही

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या थीम पार्कने नव्या रोलर कोस्टरची घोषणा केली की हौशी मंडळींचा पहिला प्रश्न ‘उंची किती?’ हाच असतो, आणि उत्तर ३०० फुटांच्या खाली आले की पहिली गाडी धावण्याआधीच तो निकालात काढला जातो. या हट्टाची परिणती काय होते, हे त्यांनीच पाहिले आहे. न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ हा कोस्टर २००५ मध्ये ४५६ फुटांचा विक्रम घेऊन उभा राहिला, बिघाडांमुळे वारंवार बंद पडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा मनोरा स्फोटकांनी पाडण्यात आला. ओहायोतील सीडर पॉइंट या थीम पार्कने आपला ४२० फुटी जुना कोस्टर ‘टॉप थ्रिल २’ या नावाने मे २०२४ मध्ये नव्याने सुरू केला, तर तो काही दिवसांतच थांबला आणि उरलेला हंगाम बंदच राहिला. तेव्हा ‘एवढी घाई कशाला केली?’ असे ओरडणारेही तेच, जे आधी ‘कधी उघडणार?’ म्हणून जीव खात होते!

याउलट ऑरलँडोचा ‘व्हेलोसीकोस्टर’ जेमतेम १५५ फुटांचा. पण त्याचे दोन लाँच, म्हणजे गाडीला एकदम भन्नाट वेग देणारे धक्के, आणि पाण्यालगतची ती शेवटची गिरकी अनुभवून हीच माणसे खिदळत खाली उतरतात, आणि पुढची घोषणा होताच पुन्हा फूट मोजायला बसतात. लहान मुलांसह बसता येईल असा कोस्टर जाहीर झाला, तर विचारूच नका. मग थेट शोकसभाच भरते.