श्रद्धा कमी पडली म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. एका मैत्रिणीचा भाऊ गेला. तिच्या पोस्टखाली एका बाईंनी लिहिलंय, ‘पूर्ण श्रद्धा ठेवली असतीत तर नक्की वाचला असता.’ वर हात जोडलेले इमोजी!

श्रद्धा म्हणजे काय विजेचं मीटर आहे, रीडिंग कमी आलं की माणूस गेला?

माझे बाबा आयसीयूत होते तेव्हा आई बाहेरच्या बाकावर नामस्मरण करत बसायची. मांडीवर पिशवी. त्यात बाबांचा धुतलेला शर्ट आणि चष्मा, घरी नेताना लागेल म्हणून. मधेच चष्मा काढायची, पदराने काचा पुसायची, परत ठेवायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि तिला ते कळलंही होतं. तरी पिशवी खाली ठेवली नाही. ती आशा होती. फोल ठरली.

तेव्हाही एक नातेवाईक बोलल्याच, ‘वहिनी, तुमचंच कुठेतरी कमी पडलं.’ आई गप्प राहिली. रात्री मला म्हणाली, ‘माझं आता त्याच्याशी भांडण आहे गं. पण बोलणं बंद नाही.’ त्याच्याशी म्हणजे देवाशी.

माझ्या लेखी श्रद्धा ती. आशेला काहीतरी हवं असतं: रिपोर्ट चांगला यावा, माणूस घरी यावा. ते मिळालं नाही की ती तिथेच संपते. त्यानंतरही आईचं जे चालू राहिलं, त्याला कुठल्या निकालाची अट नव्हती. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणायची आहे कुणाची छाती? विठोबाला खडे बोल सुनावले त्यांनी, पण पाठ नाही फिरवली. मदर तेरेसा १९९७ साली गेल्या, त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये छापून आली. देव जवळ असल्याची जाणीवच होत नाही, आत नुसता अंधार आहे, असं त्या वर्षानुवर्षं लिहीत होत्या. काम मात्र सोडलं नाही. आणि आपण कमेंटमध्ये दुसऱ्याची श्रद्धा मोजणार!

बरं, आशेवर माणूस तगतो, हे मान्य. आईही त्या पिशवीच्याच आधाराने तिथे बसू शकली. पण म्हणून माणूस गेल्यावर त्याच्या बहिणीकडे हिशेब मागायचा?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या बाईंनाही आतून भीतीच वाटत असणार. आपण नीट श्रद्धा ठेवली की आपल्या घरात असं काही होणार नाही, अशी मनाची समजूत घालत असतील. भीती मी समजू शकते. आईला बोलणाऱ्या त्या नातेवाईकही तेव्हा घाबरलेल्याच असतील, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. म्हणून माफ केलं असं नाही.

बाई, तुम्ही हे वाचत असाल तर तिने बघायच्या आत ती कमेंट उडवा. माझ्याशी वाद घालायचा तर खुशाल इथे घाला.