हातसडीच्या तांदळात ब१२ नसते

पुण्यात सध्या घरोघरच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. ‘ब-जीवनसत्त्व ही गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांनी काढलेली टूम आहे, हातसडीचा तांदूळ आणि आंबवलेले पदार्थ खाल्ले की सगळे ब मिळते, आपल्या आजीला कुठे कसली कमतरता होती?’ असे त्यात म्हटले आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या ब१२च्या गोळ्या बंद केल्या आणि तळपायांना पुन्हा मुंग्या येऊ लागल्यावर ते आम्हांला सांगितले, म्हणून हे लिहावे लागते आहे.

कंपन्यांवरचा आरोप आधी पाहू. ब-जीवनसत्त्वाचा शोध कारखान्यात नव्हे, कोंबड्यांच्या खुराड्यात लागला. 1890च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हियात (आजच्या जकार्तात) ख्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर बेरीबेरी या नसा आणि हृदय दुबळे करणाऱ्या आजाराचे जंतू शोधत होते. तेव्हा प्रयोगशाळेतल्या कोंबड्या झोकांड्या खाऊ लागल्या, पाय मोडून बसू लागल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्या झाल्या. मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता; नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना देण्याचे नाकारले आणि त्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या. पांढऱ्या भातात विष आणि कोंड्यात त्याचा उतारा असावा, असे आइकमन यांना वाटले. अन्नातले काहीतरी कमी पडल्याने आजार होतो, हे त्यांच्यानंतर काम करणाऱ्या खेरिट ग्राइन्स यांनी 1901मध्ये मांडले. कोंड्यातले ते काहीतरी म्हणजे ब१; त्याचे स्फटिक 1926मध्ये हाती आले आणि ते कृत्रिमरीत्या तयार झाले 1936मध्ये. त्याआधी विकायला कृत्रिम ब१ची गोळीच नव्हती.

तांदळाबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. कोंड्यात ब१ असते, पण ते पाण्यात विरघळते; तांदूळ तीन पाण्यांनी चोळून धुतले की जे दुधाळ धुवण आपण मोरीत ओततो, त्यातून त्याचा काही भाग निघून जातो. कोकणातला उकडा तांदूळ इथे उजवा ठरतो, कारण भात तुसासकट उकडताना ब१ दाण्याच्या आत मुरते आणि नंतर सडला तरी बरेचसे टिकते. मात्र ब१ म्हणजे ब१२ नव्हे. ब१२ वेगळे काढले गेले ते 1948मध्ये, यकृतातून. ते फक्त जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. कोंड्यात ते नसते आणि इडलीच्या आंबवणावर त्यासाठी भिस्त ठेवता येत नाही.

राहता राहिली आजी. ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स 1928मध्ये मुंबईत आल्या त्या गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी, आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी 1931मध्ये दाखवले. अर्कातला तो घटक म्हणजे फॉलेट, हेही ब-गटातलेच. त्या काळच्या बायकांची कमतरता मोजली जात नव्हती, एवढेच.

मोजल्यावर काय दिसते, त्यासाठी लांब जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये ब१२ कमी निघाले. फॉलेट मात्र केवळ एकीत कमी होते.

काकूंनी डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. हातसडीचा इंद्रायणी त्यांनी सोडलेला नाही, आणि सोडण्याचे काही कारणही नाही.