माजी सैनिक पाहिजे, पण गेटवरच

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय, गार्ड बदलायचे. एकाचा मेसेज, "एक्स-सर्व्हिसमनच घेऊ, शिस्त असते, सॅल्यूट पण कडक मारतात." त्यावर 14 अंगठे. आणि लगेच खाली, "रेट मात्र आत्ताचाच ठेवा." डोकंच फिरलं माझं.

माझा मामा इएमईत होता, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत. 19 व्या वर्षी भरती, सिकंदराबादला ट्रेनिंग, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. 17 वर्षं गाड्याच उघडल्या त्यानं, त्यातली काही लेहला, जिथं थंडीत डिझेल गोठतं आणि पाना उघड्या हातानं धरला की कातडीला चिकटतो. 36 व्या वर्षी घरी आला. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला गेला तर समोरचा पोरगा म्हणतो, "काका, आयटीआय झालंय का?" मामा म्हणाला मिलिटरीचं सर्टिफिकेट आहे. "ते नाही चालत, सिक्युरिटीत बघा ना, तिथं फौजी लगेच घेतात."

आता त्याच कंपनीच्या गेटवर 12 तास उभा असतो, ट्रकचे नंबर रजिस्टरमधे लिहित.

हो, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, राज्याच्या भरतीत राखीव जागा आहेत, मान्य. पण पेन्शन केलेल्या नोकरीची आहे ना? "यांना काय, पेन्शन आहेच" म्हणून आजच्या कामाचे पैसे कापायचे, हा कुठला हिशोब?

आणि अग्निवीरांना तर तीही नाही. 4 वर्षं, मग 100 तले जास्तीत जास्त 25 आत, बाकीची पोरं विशी-पंचविशीत घरी. 11.71 लाख मिळणार, त्यातले 5 लाख त्यांच्याच पगारातून कापलेले. स्किल सर्टिफिकेट देणार म्हणे. देतील हो, पण टेबलापलीकडं तोच पोरगा बसलेला असणार, "आयटीआय झालंय का?"

जाऊ दे. मामा स्वतः काहीच बोलत नाही. परवा फोनवर सांगत होता, गेटवर एक कंटेनर बंद पडला, ड्रायव्हर पोरगं रडकुंडीला आलेलं, मामानं नुसत्या आवाजावरून ओळखलं डिझेलच्या लाईननं एअर धरलीय, म्हणजे आत हवा अडकलीय, 10 मिनिटांत काढून दिली. वर सुपरवायझरचं बोलणं खाल्लं, पोस्ट सोडून गेलास म्हणून. त्याचं त्याला काही नव्हतं, किती दिवसांनी हात काळे झाले हेच सांगत होता.

साताऱ्याकडं कुणाच्या ओळखीत ट्रकचं गॅरेज असेल तर इनबॉक्स करा. मामाला सांगू नका, चिडेल.