गाठीत जिवाणू सापडला, पण गाठ त्यानेच केली का?

आतड्यातले ‘चांगले’ जिवाणू वाढवा आणि कर्करोग दूर ठेवा, अशा आशयाच्या पोस्ट हल्ली सतत समोर येतात आणि बहुतेकींच्या शेवटी कुठल्या तरी प्रोबायोटिक गोळ्यांची भलामण असते. जंतू आणि कर्करोग यांचा संबंध खरा आहे, काही बाबतींत तर तो निर्विवाद सिद्ध झालेला आहे. पण नेमक्या त्याच सत्याच्या आडोशाने अर्धवट सिद्ध झालेल्या आणि मुळीच सिद्ध न झालेल्या गोष्टीही खपवल्या जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जे पक्के आहे, ते आधी सांगतो. २०१८ या वर्षात जगभरात निदान झालेल्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे जवळजवळ २२ लाख, संसर्गामुळे झाले होते असा अंदाज आहे. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक केवळ चार जंतूंच्या खात्यावर जमा आहेत : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जिवाणू, ह्यूमन पॅपिलोमा विषाणू आणि हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ यांचे विषाणू. पॅपिलोमा विषाणूची कार्यपद्धती तर अगदी बारकाईने माहीत आहे. त्याचे ई६ हे प्रथिन पेशीतल्या पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवून आणते, ई७ हे दुसरे प्रथिन पेशीविभाजनावर अंकुश ठेवणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करते, आणि मग त्या पेशीला आवरणारे फारसे काही उरत नाही.

हेलिकोबॅक्टरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तरीही वैद्यकविश्वाला पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतःच पिऊन टाकला आणि त्यांच्या जठराला सूज आली. (असे प्रयोग कुणी करू नयेत हे खरे, पण पुढे २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले हेही खरे.) हा जिवाणू सुईसारख्या एका यंत्रणेने कॅग-ए नावाचे प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतो, अनेक वर्षे दाह धुमसत ठेवतो, आणि त्यातून जठराचे अस्तर आधी झिजते व मग हळूहळू आपले रूप बदलते. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले. तरीही ज्यांच्या जठरात हा जिवाणू असतो त्यांतल्या बहुसंख्यांना कर्करोग कधीच होत नाही, हे विसरून चालणार नाही. मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा वेगळाच वाटतो : माल्ट लिम्फोमा नावाचा जठराचा एक कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर पुष्कळ रुग्णांमध्ये निव्वळ प्रतिजैविके देऊन हा जिवाणू घालवला की गाठही विरते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र चित्र इतके स्वच्छ नाही. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा खरे तर तोंडातला, दातांच्या किटणात राहणारा जिवाणू. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांना तो आतड्याच्या गाठींमध्ये मोठ्या प्रमाणात आढळला. पण प्राणवायू कमी आणि मेलेल्या पेशींचे खाद्य भरपूर, अशी गाठ ही त्याच्यासाठी आयती सोयीची जागा असते. तेव्हा तो आधी आला की गाठ आधी आली, हा प्रश्न उरतोच. तो निव्वळ बघ्या नाही एवढे मात्र दिसते, कारण त्याची प्रथिने गाठीच्या पेशींना वाढीचा इशारा देतात आणि प्रतिकारशक्तीच्या मारक पेशींना रोखून धरतात. मूळ गाठीतला हाच जिवाणू यकृतात पसरलेल्या गाठीतही जिवंत सापडलेला आहे. माझ्या मते त्याला आज साथीदार म्हणावे, सूत्रधार म्हणण्याइतका पुरावा हाती नाही.

याच्या अगदी उलट प्रकरण ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूच्या काही वाणांचे आहे. हे वाण कोलिबॅक्टिन नावाचे रसायन तयार करतात आणि ते डीएनएच्या दोन्ही धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडून टाकते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानवी आतड्याच्या पेशींचे सूक्ष्म गोळे वाढवून त्यांत हे जिवाणू पाच महिने पुन्हा पुन्हा सोडले गेले. त्या पेशींच्या डीएनएत बदलांचा जो विशिष्ट साचा उमटला, तोच पुढे रुग्णांच्या काही गाठींतही ओळखू आला. २०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे निदान चाळिशीच्या आत झाले त्यांच्यात हा ठसा सत्तरीनंतर निदान झालेल्यांच्या तुलनेत सुमारे ३.३ पट अधिक आढळला, आणि तो बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटला असावा असे संशोधकांचे गणित सांगते. निदानाच्या वेळी तो जिवाणू आतड्यात शिल्लक असेलच असे नाही. म्हणजे एकीकडे जिवाणू हजर आहे पण मूळ गुन्हा शाबित होत नाही, आणि दुसरीकडे त्याच्या हाताचे ठसे आहेत पण तो स्वतः कदाचित केव्हाच निघून गेला आहे. अशा वेळी ‘गाठीत अमुक जंतू सापडला’ या बातमीला किती वजन द्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

घाईचे परिणाम विज्ञानालाही भोगावे लागतात. बहुतेक सर्व कर्करोगांना जंतूंचा आपापला ठसा असतो आणि तो रक्तातूनही ओळखता येतो, असा दावा करणारा २०२० मधला गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण जंतूंचे म्हणून मोजलेले बरेचसे डीएनए प्रत्यक्षात माणसाचेच निघाले. जुने उदाहरण तर याहून बोलके आहे : १९२६ चे नोबेल पारितोषिक योहानेस फिबिगर यांना एका कृमीमुळे कर्करोग होतो या शोधासाठी मिळाले आणि तो शोध पुढे चुकीचा ठरला.

म्हणून पॅपिलोमा आणि हिपॅटायटिस ‘बी’ यांच्या लशी उपलब्ध असताना, हिपॅटायटिस ‘सी’ औषधांनी बरा होत असताना आणि घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांना हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घेता येत असताना, गोळ्यांच्या बाटलीवर विसंबणे मला अनाकलनीय वाटते. त्या गोळ्यांनी कर्करोग टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. उलट २०२१ मधल्या एका अभ्यासात, मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग असलेल्या उंदरांना बाजारात मिळणारी प्रोबायोटिके दिल्यावर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारांचा, परिणाम कमी झाल्याचे दिसले. हा निष्कर्ष उंदरांपुरता असला, तरी ज्यांचे असे उपचार चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.