कार्नूस्टी १९९९: पाण्यातला तो फटका कधी मारलाच नव्हता

१९९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला झालेल्या ब्रिटिश ओपन या गोल्फ स्पर्धेतला एक फोटो पुन्हा फिरतोय: पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात अनवाणी उभा असलेला फ्रेंच गोल्फपटू ज्याँ व्हान द वेल्द. खाली मजकूर असतो, ‘पाण्यातून चेंडू मारायला गेला आणि तिथेच ओपन हरला.’ दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

शेवटच्या, अठराव्या होलवर तो तीन फटक्यांनी आघाडीवर होता. तिथल्या बॅरी बर्न या ओढ्यात तो उतरला, हे खरं. पण पाहणी करून बाहेर आला आणि एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू ड्रॉप केला, म्हणजे ओढ्याबाहेर हाताने टाकून तिथून पुढे खेळला. खरा घात आधीच्या फटक्यात झाला होता. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आदळला, ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उसळला आणि मागे दाट गवतात पडला; तिथून मारलेला तिसरा फटका ओढ्यात गेला. दुसऱ्या फटक्याचा चेंडू स्टँडमध्येच राहिला असता तर बिनदंडाचा ड्रॉप मिळाला असता! दंड धरून पाचवा फटका बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), सहावा ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर). तीन फटक्यांची आघाडी संपलेली असताना त्याने शेवटचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) होलमध्ये घालून त्या होलचे सात फटके केले, यासाठी मला तो माणूस फार आवडतो.

म्हणजे तो अठराव्या होलवर हरला नाही, बरोबरीत राहिला. पॉल लॉरी आणि जस्टिन लेनर्डबरोबर चार होलांचा प्लेऑफ (बरोबरी फोडणारा जादा खेळ) झाला. शेवटच्या दिवशी दहा फटके मागून सुरुवात केलेल्या लॉरीने त्या दिवशी ६७ फटक्यांत फेरी संपवली होती आणि प्लेऑफच्या शेवटच्या दोन्ही होलांवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) करून तो जिंकला. त्याला ट्रॉफी कुणी आंदण दिली नव्हती.