भिया, उतरोगे क्या?

इंदूरच्या सिटी बसचं दार चढण्या-उतरण्यासाठी आहे, हा आमच्या पाहुण्यांचा समज असतो. खरं तर तिथे वस्ती असते. भंवरकुआँला चढलेल्या भियाला, म्हणजे इंदुरी भैयाला, थेट विजय नगरला उतरायचं असतं, आत बसायला जागा असते, तरी तो दांडा धरून दारातच उभा. मला पलासियाला उतरायचं म्हणून मी जीपीओपासूनच तयारीला लागते. पुढच्याला विचारायचं, "भिया, उतरोगे क्या?" तो मान हलवून नाही म्हणतो आणि जागचा हलत नाही. मग त्याच्या पुढच्याला तोच प्रश्न, तीच मान. शेवटी गीता भवन गेल्यावर सगळे पोटं आत घेतात, मी पर्स डोक्यावर धरून त्या फटीतून सरकते. गंमत म्हणजे इतका वेळ वाट अडवणारा भियाच सगळ्यात कळवळ्याने ओरडतो, "अरे रोक के, मॅडम उतर रही हैं!" वर डब्याची पिशवीही हातात देतो. रागवायचं तरी कसं?

२०१३ साली आयबस आली. रस्त्याच्या मधोमध तिची वेगळी मार्गिका, बसच्या उंचीचे फलाट. ती मार्गिका काढून टाकायला २०२५मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. दारातल्या वस्तीला मात्र कोणी हात लावलेला नाही.

बसवर 'विजय नगर' लिहिलेलं असतं, कंडक्टर घसा फोडून तेच सांगत असतो, तरी आत आलेला माणूस मला विचारतो, "ये विजय नगर जाएगी?" मी हो म्हणते. तो शेजारच्याला विचारतो. मग कंडक्टरला. तिघांचं एकमत झालं की बसतो आणि पुढचा प्रश्न टाकतो, अमुक दवाखान्यासाठी कुठे उतरू? इथे बस जागी होते. एक म्हणतो एलआयजी, दुसरा म्हणतो इंडस्ट्री हाउस, तिसरा त्या दवाखान्यात जाऊच नका म्हणून दुसरा डॉक्टर सुचवतो. वाद रंगात येतो तोवर दोन्ही थांबे मागे पडलेले असतात.

शेव मात्र कुठल्याही वादात हातोहात फिरते. रिकामी पुडी चौघडी करून खिशात जाते, कारण २०१७पासून स्वच्छतेत देशात आमचा पहिला नंबर. कोणाचा हात पुडीसकट खिडकीकडे वळलाच, तर अख्खी बस त्याच्याकडे अशी बघते की बिचारा ती पुडी घरापर्यंत सांभाळतो.

३१ मे २०२५ला मेट्रोही सुरू झाली. पाच स्थानकं, सहाएक किलोमीटर, पहिला आठवडा फुकट. आमच्या नणंदबाई मुलांना घेऊन गेल्या, शेवटच्या स्थानकावर उतरल्या आणि तशाच परत आल्या. "कुठे जायचं होतं?" विचारलं तर म्हणाल्या, "कुठे म्हणजे? मेट्रोत!"

पण माझी खरी परीक्षा फोनवर होते. आईचा फोन येतो, मी हळूच म्हणते, "हो गं, डबा घेतलाय." लगेच पुढच्या सीटवरची एक कानटोपी मागे वळते.

"मराठी का?"

"हो काका."

"इंदूरच्याच? रामबागेतल्या?"

"नाही, लोकमान्य नगर."

"सासरे बँकेत होते ना?"

"नाही, वीज मंडळात."

"तेच ते! अगं, मग तू घरचीच की."

तेच ते कोण, हे मला अजून कळलेलं नाही. काकांना मात्र पुरतं कळलेलं असतं. माहेर, माहेरचं आडनाव, आत्या कुठे दिली, मावशी देवासची की धारची, सगळी झडती होते. त्यांच्या मावसभावाच्या सुनेने माझ्या नणंदेला शाळेत शिकवलं होतं, इथवर आम्ही पोचतो. त्याच्या आधी काका थांबत नाहीत, आणि वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडून दाराकडे धावायचं आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

"काका, पलासिया गेलं हो!"

"गेलं तर गेलं. आता विजय नगरलाच उतर, घरी चहा घे. तुझी काकू तुझ्या सासूला ओळखते का, तेही विचारून घेऊ."