‘नुसतं कर्ज द्या, शिबिरं बंद करा’ म्हणणाऱ्यांना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. बचत गटातल्या बायकांना नुसतं कर्ज द्या, बाकीचं त्या बघतील; पैसा आला की घरात मान येतो; प्रशिक्षणाच्या शिबिरांनी धंदा चालत नाही; बैठकांत कामाचा दिवस बुडतो. कागल तालुक्यातल्या आमच्या गटाची वही मी लिहिते, म्हणून उत्तर देते.

‘बाकीचं त्या बघतील.’ आमच्या गटातल्या एकीनं कर्ज काढून कांदा-लसूण चटणी सुरू केली. माल खपायचा, पण हप्त्याच्या दिवशी हात रिकामे. ‘चटणी तर खपत्या, मग पैसं कुठं जात्यात?’ असं ती बैठकीत म्हणाली आणि आम्ही सगळ्याजणी तिची वही घेऊन बसलो. 10 किलो चटणीचे आले 4,500. मिरची, खोबरं, तेल, मसाला मिळून खर्च लिहिलेला 2,900. म्हणजे 1,600 नफा, असं ती धरून चालली होती. मिरची कुटायच्या डंकाचे 300, पिशव्यांचे 150, गॅसचे 150 आणि माल पोचवायचे 200 वहीत नव्हतेच. घरचा कांदा-लसूण 200 चा. तिच्या दोन दिवसांच्या कष्टाचे 600 तर तिच्या मनातही आले नव्हते. बेरीज करा, नफा शून्य. ही बाई कष्टाला कमी नव्हती. तिला हिशोब मांडायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि नुसतं कर्ज वाढवलं असतं तर हप्त्याचा बोजाच वाढला असता.

‘पैसा आला की घरात मान येतो.’ दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात 2001 पासून हे तपासून पाहिलंय. तिथं कर्जाच्या नेहमीच्या बैठकीतच बायकांशी आरोग्य, नातेसंबंध आणि मारहाण या विषयांवर सत्रं घेतली. 2006 साली निकाल छापून आले: जोडीदाराकडून होणारी मारहाण निम्म्याहून अधिक, 55 टक्क्यांनी घटली. पुढे नुसतं कर्ज मिळालेल्या गावांशी तुलना केली, तेव्हा त्या गावांत पैशाची बाजू सुधारलेली दिसली. मारहाणीत तसा फरक दिसला नाही.

एक मात्र मान्य करते. शिकवलं म्हणजे नफा वाढलाच, असं नाही. पेरूमध्ये कर्जासोबत धंद्याचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा बायकांचं व्यवहारज्ञान वाढलं, हप्ते वेळेवर येऊ लागले, पण कमाई फारशी वाढल्याचं ठोस दिसलं नाही. फळ्यापुढं भाषण देऊन निघून जाणारी शिबिरं मलाही नकोत.

‘वेळ जातो.’ बैठक तर बचत आणि हप्त्यासाठी होतेच. त्यातला अर्धा तास आम्ही शिकण्याला देतो.

अशाच एका अर्ध्या तासात आम्ही व्याज शिकलो. 50,000 चं कर्ज, दर 12 टक्के, मुदत एक वर्ष. मूळ रकमेवर सरसकट लावलं तर व्याज 6,000. फिटत जाणाऱ्या मुदलावर लावलं तर साधारण 3,300. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्मकर्ज देणाऱ्यानं सगळा खर्च धरून वार्षिक दर कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचा असतो, हेही त्याच दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात एका खासगी कंपनीचा माणूस गल्लीत फॉर्म घेऊन आला. चटणीवाल्या बाईनं त्याला उंबऱ्यावरच विचारलं, ‘मुदल कमी हुईल तसं व्याज कमी हुतंय का? आन् दराचा कागद कुठाय?’ कागद आणतो म्हणून तो गेला. सही तिनं केली नाही.